वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा

चौसष्ट टक्क्यांवर आकडा थांबला. आधी वाटलं, दम खात असेल; यंत्रंही माणसांसारखी मधेच दम खातात. मी चहाचा कप संपवला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. चौसष्ट. पडद्याच्या मधोमध फिरणारं पांढरं चक्र पाव फेरीवर अडकलं होतं, बोलता बोलता एखाद्याने दारात उभं राहून पुढचं विसरावं तसं. माउस हलवला, बाण हलला नाही. कळा दाबून पाहिल्या. आधी एक, मग दोन, मग सगळ्या, लिफ्ट येत नसली की लोक बटणावर राग काढतात तशा. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं आणि मनात पाच मोजले. पडदा काळा झाला आणि त्यात माझं तोंड दिसलं, रविवारचं, दाढी न केलेलं. वहीत लिहिलं: प्रयत्न पहिला, चौसष्ट.

वही ही माझी जुनी खोड. एकतीस वर्षं विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करतोय. जळालेल्या मोटारी, पाण्यात बुडालेले काँप्रेसर, गोदामात छताखाली चिरडलेली छपाईची मशिनं. ज्याचं नुकसान झालं तो माणूस शेजारी उभा राहून हात चोळत असतो आणि मी यंत्राभोवती फिरून वहीत लिहीत असतो. माणसांकडे फारसं बघायचं नाही हे पहिल्या वर्षीच शिकलो. पण बघितलं जातंच. खोटं बोलणारा आधी पाणी मागतो. खरं बोलणारा आधी भांडतो. अहवालात शेवटून दुसरा रकाना असतो, नुकसानीचं कारण, आणि शंभरातल्या नव्वद अहवालांत मी तिथे तेच दोन शब्द लिहीत आलोय: वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा. वाईट वाटून घेण्यात अर्थ नसतो. निष्काळजीपणा असतोच, फक्त तो नेमका कुठे लपलाय एवढं शोधायचं.

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मुलीचा निरोप आला होता. माझ्या फोनवर. तीन वर्षांत पहिला. घर सोडल्यापासून ती आईशी बोलते, आणि आई बोलायला गॅलरीत जाते, आणि मी तेवढ्यात टीव्हीचा आवाज मोठा न करता लहान करतो. पण तिथलं काही ऐकू येत नाही, फक्त हसण्याचे तुकडे येतात. तर निरोप असा होता: ‘बाबा, माझा जुना लॅपटॉप आहे का अजून घरात?’ एवढंच. मी तो चार वेळा वाचला, पाहणीला गेल्यावर यंत्रावरची पट्टी वाचतो तसा, पुढून मागून. ‘बाबा’ लिहिलं होतं. प्रश्नचिन्ह होतं. मी लगेच उत्तर पाठवलं: ‘आहे. संध्याकाळपर्यंत नव्यासारखा करून ठेवतो.’ ते तिने अजून वाचलं नव्हतं. दर दोन मिनिटांनी मी बघत होतो.

“अहो, कशाला हवाय ते विचारलंत का तिला?” बायको शिवणाच्या मशिनवरून म्हणाली. ती घरी पडदे शिवून देते. रविवारीही देते, कारण लोकांना खिडक्या रविवारीच दिसतात.

“विचारायचं काय त्यात? लॅपटॉप काय उशाला घ्यायला मागतात?”

“तुम्हाला आपलं काम सापडलं म्हणजे झालं.”

ह्यात टोमणा होता, पण मी तो घेतला नाही. काम सापडलं होतं हे खरंच होतं. माळ्यावरच्या खोक्यातून लॅपटॉप काढला तेव्हापासून हात शिवशिवत होते. त्याची बॅटरी कधीच मेलेली. भिंतीतल्या वायरीवर जगायचा, वायर निघाली की गेला. जुनी सिस्टिम सुरू होता होता गोठत होती. म्हणून मी ठरवलं, जुनं सगळं साफ पुसायचं आणि नवी, हलकी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची. नवी सिस्टिम पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती. ती आधी स्वतःच्या सगळ्या फायली तपासते, शंभर टक्के नीट असल्या की मग डिस्क पुसायची का विचारते. ही तपासणी टाळता येते. एक कळ दाबली की झालं. पण तपासणी टाळणारा माणूस मी नाही, आणि असतो तर आज लोकांनी कंपनीला केव्हाच लुटून खाल्लं असतं.

दुसरा प्रयत्न, सदतीस. पेनड्राइव्ह डावीकडून काढून उजवीकडच्या खाचेत घातला. तिसरा प्रयत्न, एकोणतीस. दुसरा पेनड्राइव्ह शोधला, त्यावर सगळं नव्याने उतरवलं. चौथा प्रयत्न, बेचाळीस. मग मागच्या बाजूची छोटी झडप उघडून मेमरीची पट्टी काढली, खोडरबराने तिचे पितळी दात घासले, परत बसवली. पाचवा प्रयत्न, एकवीस. मी उठलो, स्वयंपाकघरापर्यंत गेलो, तिथे काही नको होतं, परत आलो. ह्या घरात असं फिरलं की पावलांचा आवाज होत नाही. खुर्ची मागे ढकलली तरी होत नाही. चारही खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे आहेत, लोकरीचं ते जाड कापड. टेबलाला आहेत, कुंड्यांच्या ताटल्यांना आहेत, कपाटाच्या दारांना आहेत. खाली निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांची झोप कातडीच्या बाहेर असते. पूर्वी वर चमचा पडला तरी ते काठीने छताला, म्हणजे आमच्या जमिनीला, ठक ठक करायचे. दोनच ठोके. तिसऱ्याची गरज पडू नये असे. मग मी एक गठ्ठा फेल्ट आणलं आणि दोन रविवारांत घर शांत केलं. बायको म्हणाली होती, “आता आपण आहोत की नाही तेही कळायचं नाही.” मी ते कौतुक समजलो.

मुलगी मात्र आवाजाची. लहानपणी तिची आई तिला खुळखुळा म्हणायची. डब्याची झाकणं आपटून कोणतं कशाचं ते डोळे मिटून ओळखायची. विशीत एक रेकॉर्डर घेऊन घरभर फिरायला लागली. नळ, कुकर, आईचं मशिन, माझी शिंक. माझ्या शिंकेला तिने नाव ठेवलं होतं, ‘कागदपत्रांसह’, कारण शिंकल्यावर मी नेहमी टेबलावरचे कागद सारखे करतो. मी हसलो नव्हतो. हसायला हरकत नव्हती, आता वाटतं. पण तेव्हा मला ते सगळं दिवस फुकट घालवणं वाटायचं. माणसाने यंत्राचा आवाज ऐकावा तो बिघाड कळावा म्हणून.

सहावा प्रयत्न, एकोणीस. फोन पाहिला. वाचलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळची आठवण मी सहसा काढत नाही, पण गोठलेल्या पडद्यासमोर माणूस दुसरं काय करणार. ह्याच टेबलावर ती बसली होती, ह्याच लॅपटॉपसमोर. ध्वनिमुद्रणाच्या कुठल्याशा अभ्यासक्रमाचा अर्ज, त्यासोबत स्वतः टिपलेले बारा आवाज पाठवायचे, सहाच्या आत. टेबलाच्या ह्या टोकाला मी एका जळालेल्या मोटारीचा अहवाल लिहीत होतो. पावणेपाचला ती म्हणाली, “बाबा, हा परत बंद पडतोय.” सव्वापाचला म्हणाली, “बाबा, बघता का जरा?” मी मान वर न करता म्हणालो, “यंत्र बंद पडत नाही, पाडलं जातं. अठ्ठावीस वर्षं हेच बघतोय. वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा.” ती काहीतरी पुटपुटली, पुन्हा सुरू केला, पुन्हा थांबला. सहा वाजून पाच मिनिटांनी तिने लॅपटॉपचं झाकण मिटलं. हळूच. मग आत गेली आणि दार लावलं, आणि त्याचाही आवाज झाला नाही, कारण चौकटीला फेल्ट होतं. दार आपटून जायची सोयसुद्धा आम्ही ह्या घरात ठेवली नव्हती. आठव्या दिवशी ती दुसऱ्या शहरात गेली, कुणा ध्वनिमुद्रकाच्या हाताखाली वायरी गुंडाळायला. जाताना मला म्हणाली, “येते.” मी म्हणालो, “सामान मोजून घे.”

“जेवून घ्या आता,” बायको म्हणाली. “ते कुठे पळून जात नाहीये. उलट हलतच नाहीये म्हणताय.”

जेवलो. ताटात काय होतं आठवत नाही. बायको एका गिऱ्हाइकाबद्दल सांगत होती, बाईला खिडकीपेक्षा मोठा पडदा हवा होता, म्हणे खिडकी पुढे वाढवणार आहोत. मी हूं हूं करत होतो आणि मनात आकडे फिरवत होतो. चौसष्ट, सदतीस, एकोणतीस, बेचाळीस, एकवीस, एकोणीस. सगळ्यांवर मी संशय घेतला होता. पेनड्राइव्हवर, मेमरीवर, डिस्कवर, खरं सांगायचं तर मनातल्या मनात मुलीवरही, की तिने तो तेव्हाच कुठेतरी आपटला असेल. परत येऊन सातवा प्रयत्न केला, काहीही न बदलता, नुसता चिडून. आणि आकडा चढत गेला. चाळीस. पन्नास. मी श्वास धरला. अडुसष्टवर थांबला.

अडुसष्ट. मी काहीच केलं नव्हतं. जेवलो होतो, पण मी जेवल्याने लॅपटॉपच्या अंगात बळ कसं येईल? मग वहीकडे पाहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. नव्या शिकाऊ माणसाने ही वही आणली असती तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. पहिला प्रयत्न थंड यंत्रावर, आकडा मोठा. मग लागोपाठ, आकडा खाली. चौथ्याआधी दुसरा पेनड्राइव्ह तयार करण्यात अर्धा तास गेला, आकडा वर. जेवणानंतर सगळ्यात वर. तो विसावा घेत होता. विसावला की धावायचा, तापला की थांबायचा. टक्क्यांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. एकतीस वर्षं मी लोकांना सांगतोय की आधी यंत्राला हात लावून पाहा, आणि सकाळपासून मी नुसतं त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

हात लावला. इस्त्री.

उलटा केला. सकाळी मेमरीची झडप उघडली तेव्हा हीच बाजू समोर होती, पण झडपेपुरतंच पाहिलं होतं. खाली चार ठिकाणी तपकिरी काहीतरी होतं ते रबराचे पाय असतील असं धरून चाललो होतो. रबराचे नव्हते. फेल्ट होतं. आणि पायांना नव्हतं. जिथून पंखा हवा ओढतो त्या जाळीवर एक लांबट तुकडा, जिथून गरम हवा बाहेर टाकतो त्या फटीवर दुसरा, आणि समतोल राहावा म्हणून पलीकडे दोन. नाक दाबून तोंड बंद केलेलं.

“अगं, हे तू लावलंस?” मी लॅपटॉप तसाच उचलून मशिनपाशी नेला.

बायकोने पाय थांबवला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. “मी कशाला लावू?”

“घरात कात्री तुझ्या हातात असते.”

“माझ्या हातात असते म्हणून सांगते. मी कापते ते सरळ कापते, आणि कडेला टीप मारते. हे कोपरे बघा.” तिने सुईच्या टोकाने दाखवलं. “प्रत्येक कोपरा तिरका छाटलाय. कोपरा उचकटू नये म्हणून. असले कोपरे ह्या घरात एकच माणूस छाटतो.”

तिने मशिन पुन्हा सुरू केलं. मी उभाच राहिलो. एखाद्या घटनेचा साक्षीदार सापडावा आणि तो आपणच निघावा, तसं झालं. ती संध्याकाळ येण्याच्या आठवडाभर आधीची गोष्ट. मुलगी रात्रंदिवस ते आवाज नीट करत बसायची आणि पंखा घरघरायचा. मी दोनदा म्हणालो, “दळण चालू आहे का?” खाली हेडमास्तर आहेत, असंही म्हणालो असेन, हेडमास्तर माझ्या फार कामी यायचे. मग ती अंघोळीला गेली असताना पाच मिनिटांत काम उरकलं. मोजून, कापून, कोपरे छाटून. घरघर बंद झाली. तिला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काय होतं? मी तिच्यासाठी आजवर केलेल्या गोष्टी विचारून थोड्याच केल्या होत्या. आणि विसरलो. विसरलो तरी कसा, ते आता उभ्या उभ्या कळलं: मी ते आपल्या चांगल्या कामांत धरलं होतं, आणि सकाळपासून शोधत होतो चुकांमध्ये. तेही दुसऱ्यांच्या.

हातांना काहीतरी हवं होतं म्हणून तुकडे सोलून काढले. डिंक पिवळा पडून दगड झाला होता, नखात गेला. जाळीत धुळीची गादी बसली होती, ती ब्रशने झटकली. लॅपटॉप दोन वह्यांवर उचलून ठेवला आणि सुरू केला. पंखा घरघरला. तीन वर्षांनी तो आवाज घरात आला, आणि मी दचकून जमिनीकडे पाहिलं. आठवा प्रयत्न. तीस. पन्नास. सत्तर. मला वाटलं होतं की आनंद होईल. नव्वद. हा थांबला असता तर बरं, असं एक क्षण वाटलं. म्हणजे फेल्टचा दोष नव्हता असं लिहिता आलं असतं. शंभर. पडदा निळा झाला आणि त्यावर शुद्ध, सभ्य अक्षरं आली: ह्या डिस्कवरील सर्व माहिती कायमची पुसली जाईल. पुढे जायचं?

दोन चौकटी. मागे. पुढे. माझं बोट ‘पुढे’वर गेलंच होतं. सवयीनं.

फोन वाजला. तिचा. मी बोट तसंच हवेत धरून डाव्या हाताने फोन घेतला.

“बाबा, नव्यासारखा म्हणजे काय?” हॅलो नाही, काही नाही. मागे माणसं बोलत होती, मग दार लागल्याचा आवाज आला आणि ती एकटी उरली. “काही पुसलं नाहीत ना तुम्ही?”

“नाही.”

“नक्की?”

“तो विचारतोय. मी अजून उत्तर दिलेलं नाही.”

“देऊ नका! बाबा, प्लीज, कशालाच हात लावू नका.” तिचा श्वास ऐकू आला. “त्यात माझे आवाज आहेत. ते बारा, आणि बाकीचे सगळे. दुसरीकडे कुठेच नाहीत. आम्ही एका श्रुतिकेचं काम करतोय, खुर्ची मागे सरकवून माणूस उठतो असा प्रसंग आहे. पन्नास खुर्च्या ओढून झाल्या. आपल्या टेबलाच्या खुर्चीसारखी एकही ओरडत नाही.”

मी भिंतीतली वायर उपटली. पडदा एका क्षणात गेला, निळं, सभ्य अक्षरं, सगळं. पंखा दोन फेऱ्या जास्त फिरला आणि थांबला. “बंद केला,” मी म्हणालो. “आता काही पुसलं जात नाही. डिस्क काढून जशीच्या तशी पाठवतो.”

“थँक्यू.” ती सुटल्यासारखी हसली, आणि तिथे थांबता आलं असतं. तीन वर्षांत इतकं छान काही झालं नव्हतं. बायको दारात येऊन उभी होती, हातात पडद्याची कड. माझ्यासमोर टेबलावर चार तपकिरी तुकडे होते. मी आधी पाणी मागितलं असतं, पण पाणी मागणारा काय असतो ते मला ठाऊक आहे.

“ऐक,” मी म्हणालो. “यंत्राच्या तपासणीत असं आढळलं की—” आणि अडखळलो. ही भाषा चालत नव्हती. “मी फेल्ट लावलं होतं. लॅपटॉपला. खालून. पंख्याच्या तोंडावर. आवाज होत होता म्हणून. त्याने तो तापायचा आणि गोठायचा. तुझ्या अर्जाच्या दिवशीही त्यानेच. तुझं काही चुकलं नव्हतं. आज कळलं मला.”

मी टेबलावरचे चार तुकडे एका रांगेत लावले.

“मला वाटायचं, मी गादीवर ठेवायचे त्याने झालं,” ती म्हणाली. आवाज लांबून आल्यासारखा. “इथे मी प्रत्येक वायर तीन-तीनदा तपासते, बाबा. सगळे हसतात मला. माझ्या हातात यंत्र टिकत नाही असं मी स्वतःच सांगत फिरते.”

“टिकतं.”

“थांबा. आत्ता नका बोलू.”

बायकोने हातातली कड सोडली नाही. खाली कुणीतरी खोकलं, बहुतेक हेडमास्तर.

“खुर्च्यांना अजून आहे का ते?” तिने विचारलं.

“आहे. सोळा पायांना.”

“एकीचं काढा. खिडकीकडच्या. आणि फोन जमिनीवर ठेवा.”

बायको आत गेली आणि उसवायची छोटी कात्री घेऊन आली. मी खुर्ची आडवी केली. चार तुकडे, प्रत्येकाचे कोपरे तिरके छाटलेले. एक एक करून खरवडून काढले, खाली लाकूड उघडं पडलं, फिकट, नव्यासारखं. खुर्ची उभी केली. फोन फरशीवर ठेवला आणि त्याच्या अलीकडे खुर्चीत बसलो, कारण प्रसंगात माणूस बसलेला असतो आणि मग उठतो. उठलो आणि पोटऱ्यांनी खुर्ची मागे ढकलली.

ती ओरडली. काय ओरडली. दाताखाली खडा आल्यासारखी, लांबलचक, शेवटी वर चढणारी. बायकोने कानावर हात नेला आणि तसाच खाली घेतला. आणि लगेच खालून, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, काठी आली. ठक. ठक.

मी फोनकडे पाहिलं. मिनिटांचे आकडे चालू होते. हेडमास्तरांची माफी मागायला उद्या जाईन, असं तोंडावर आलं होतं.

“काठीसुद्धा हवीय,” फरशीवरून तिचा आवाज आला. “बाबा, परत.”

मी खुर्ची पुढे ओढली आणि बसलो.